बिनफुलांचा संगणक

१

क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका खोलीत चला.

खडकी बाजारात एक जुनी दुमजली इमारत आहे. खाली ज्ञानदेव शिंप्यांचं दुकान. बाजूच्या लाकडी जिन्याने वर गेलं की दारावर पाटी दिसते, ‘रेघ वेब डिझाइन’. आत चार माणसांची चार टेबलं आणि त्यांवर चार संगणक. खिडकीपाशी पाचवं टेबल आहे, पण त्यावर काहीच नाही. आहे तो फक्त धुळीतला एक चौकोन, जिथे परवापर्यंत एक जुना, घरघरणारा संगणक होता.

त्या चौकोनाकडे नीट बघा. तिथल्या संगणकात एका बाईंचे हात होते.

वासंतीबाई त्यांचं नाव. कर्णबधिर मुलांच्या एका लहानशा निवासी शाळेत त्यांनी सारा जन्म शिकवलं. त्या शाळेतल्या मुलांनी बोलण्यासाठी आपल्या आपणच खुणा घडवल्या होत्या. वरणात मीठ कमी पडलं तर एक खूण. वॉर्डनबाई रागावल्या असतील तर एक. रात्री घरची आठवण आली तर एक. मोठी मुलं लहानांना शिकवायची, आणि कुठल्याच पुस्तकात त्या खुणा नव्हत्या. मग शाळा बंद पडली आणि मुलं गावोगाव पांगली. तेव्हा एका परदेशी संस्थेने ठरवलं की या खुणांची वेबसाइट करायची, म्हणजे जो जिथे असेल तिथून त्याला आपली भाषा बघता येईल. ते काम ‘रेघ’कडे आलं. २०१४च्या उन्हाळ्यात वासंतीबाई रोज या खिडकीपाशी बसून कॅमेऱ्यासमोर एकेक खूण करून दाखवत होत्या.

गणपतीत त्या वारल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शुभंकरने, म्हणजे इथल्या प्रोग्रॅमरने, तो जुना संगणक पुसला. आतलं सगळं काढून टाकलं आणि संगणक जुन्या सामानवाल्याला देऊन टाकला. त्याला तसंच सांगितलेलं होतं. आधी खुणांची दुसरी प्रत ठेवायची, मग संगणक पुसायचा.

दुपारी कळलं की दुसरी प्रत कुणी ठेवलेलीच नव्हती.

२

प्रत ठेवण्याचं काम होतं शर्मिलाचं. ‘रेघ’मध्ये कुणी काय करायचं आणि कधी करायचं, हे सगळं तीच जुळवायची. दसऱ्याला ती सासऱ्यांबरोबर नागपूरला गेली होती, दीक्षाभूमीला, दरवर्षीसारखी. परत आली तेव्हा खोलीतले तिघे जण रिकाम्या टेबलाभोवती उभे होते आणि कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी तिने भाजी निवडायला घेतली आणि तशीच बसून राहिली. तिची मुलगी यशोधरा सहावीत होती. तिने भाजीची परडी आपल्याकडे ओढली.

“आई, नेमकं झालं काय?”

“बोर्ड माहीत आहे ना तुला?”

यशोला माहीत होता. तुम्हालाही सांगतो. कामांची घडी बसवायचं एक सॉफ्टवेअर असतं. प्रोजेक्ट मॅनेजमेंट असं भारदस्त नाव आहे, पण समजायला सोपं. पडद्यावर तीन रांगा असतात. करायचंय, चालू आहे, झालं. प्रत्येक काम म्हणजे एक कार्ड. काम पुढे सरकलं की कार्ड उचलायचं आणि पुढच्या रांगेत ठेवायचं. चालू असलेलं कार्ड पिवळं, रखडलेलं लाल, ‘झालं’मध्ये गेलेलं हिरवं. कार्ड उघडलं की तळाशी दिसतं, शेवटचं कुणी हलवलं आणि कोणत्या दिवशी. ‘रेघ’च्या भिंतीवर मालक सुदर्शन यांनी एक वाक्य लावलं होतं : बोर्ड म्हणेल ते खरं.

“खुणांची प्रत ठेवायचं कार्ड मी ‘चालू’मध्ये सोडून गेले होते,” शर्मिला म्हणाली. “आल्यावर मोठी डिस्क घेऊन करणार होते. शुभंकरने सकाळी बोर्ड बघितला तर ते ‘झालं’मध्ये. हिरवंगार. त्याने पुसून टाकलं. त्याची काय चूक?”

“मग ते कार्ड हलवलं कुणी?”

“मी.”

कोपऱ्यातल्या खाटेवर आजोबा पेपर वाचत होते. सुखदेव त्यांचं नाव. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “तू? नागपुरातून?”

“कार्डावर माझं नाव आहे, मामंजी. शर्मिला, दसऱ्याचा दिवस. हल्ली फोनवरूनही हलवता येतं. सुदर्शन सर म्हणाले, ताई, गर्दीत घाईघाईने बोट लागलं असेल, होतं असं. अगदी हळू आवाजात म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.”

“आता?”

“शनिवारपर्यंत काम समजावून द्यायचं आणि निघायचं. अनुभवाच्या दाखल्यावर काय लिहायचं ते लिहावंच लागेल म्हणाले. निष्काळजीपणा.” ती हा शब्द एखाद्या परक्या माणसाच्या नावासारखा उच्चारत होती. “तो दाखला घेऊन मी खराडीला कुठल्या कंपनीच्या दारात उभी राहू? आणि दाखल्याचं सोडा. त्या मुलांचं काय? चाळीस वर्षांचं बोलणं होतं ते.”

“पण तू हलवलं होतंस का?” यशोने विचारलं.

शर्मिलाने परडीतली जुडी उचलली आणि परत ठेवली.

“दसऱ्याला फोनवर बोर्ड उघडला होता खरा. सवय. सगळं जागेवर आहे ना बघायला. नंतर गर्दीत फोन पिशवीत टाकला.” तिने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. “माझ्याच हातून झालं असेल, यशो. मला आता आठवेनासंच झालंय.”

३

आई झोपल्यावर नव्हे, आईसमोरच यशोने फोन मागून घेतला. चोरून बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

“काय शोधणार आहेस?” आजोबांनी विचारलं.

“आईचं बोट.”

“सापडलं तर मला दाखव. दीक्षाभूमीवर मी हिच्या शेजारी होतो. फोन दिवसभर हिच्याकडेच होता, हे मलाच सांगावं लागेल. म्हणजे आपला साक्षीदारसुद्धा त्यांच्याच बाजूचा.”

यशोने बोर्ड उघडला. ‘करायचंय’मध्ये एक बिनमहत्त्वाचं कार्ड होतं, दिवाळीच्या शुभेच्छांचं चित्र. तिने त्यावर बोट ठेवलं, ‘हलवा’ निवडलं, ‘झालं’ निवडलं. कार्ड गेलं. तिने ‘झालं’ची रांग उघडली. कार्ड दिसेना. वर नाही, मध्ये नाही. बोटाने रांग सरकवत सरकवत ती तळापर्यंत गेली, तेव्हा ते शेवटी सापडलं.

“हे खाली का गेलं?”

“फोनवरून हलवलं की तळाशीच जातं,” शर्मिला डोळे मिटूनच म्हणाली. “संगणकावर माउसने उचलून हवं तिथे ठेवता येतं. फोनवर नाही. मी किती वेळा शिव्या घातल्यात त्याला.”

यशोने दिवाळीचं कार्ड परत ‘करायचंय’मध्ये नेलं. मग खुणांच्या प्रतीचं कार्ड शोधायला लागली. ते शोधावं लागलंच नाही.

“आई, खुणांचं कार्ड सगळ्यात वर आहे.”

“असेल.”

“त्याच्यानंतर ‘झालं’मध्ये दुसरं काहीच गेलेलं नाही. फोनवरून गेलं असतं तर तळाशी पाहिजे होतं.”

शर्मिलाने डोळे उघडले. आजोबांनी पेपरची घडी घातली.

“म्हणजे माउसने ठेवलंय,” यशो म्हणाली. “ऑफिसातल्या संगणकावरून. दसऱ्याच्या दिवशी. आणि तू दसऱ्याच्या दिवशी नागपुरात होतीस.”

शर्मिला उठून बसली. फोन हातात घेऊन तिने ते कार्ड पाहिलं, मग बाकीची रांग पाहिली. “हे अजून एक. आल्यावर बघितलं होतं, मग गडबडीत राहून गेलं. ‘चालू’ची माझी रांग कुणीतरी विस्कटली आहे. घाईचं काम मी नेहमी वर ठेवते. इथे ते मध्येच कुठेतरी गेलंय.”

यशोने ‘चालू’मधली कार्डं एकेक करून उघडली. प्रत्येकाच्या तळाशी तेच. शर्मिला. दसरा.

“सगळीच हलवलीत कुणीतरी,” ती म्हणाली. “आणि परत ठेवलीत. एकच परत आलेलं नाही.”

“हे घेऊन जा सरांकडे,” आजोबा म्हणाले.

“जाऊन काय सांगू? कुणीतरी हलवलं? ते म्हणतील, कुणी? तिथे आम्ही चौघंच. त्यातली मी वजा.” शर्मिलाचा आवाज खाली आला. “उरलेल्या तिघांपैकी कुणीतरी माझ्या नावावर हे केलंय. मुद्दाम. ते कळण्यापेक्षा माझंच बोट लागलेलं बरं होतं.”

४

शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी यशो आईबरोबर ‘रेघ’मध्ये गेली. उन्हाळ्याच्या सुटीत ती रोज इथे यायची, वासंतीबाईंच्या पायाशी बसून खुणा बघायची, त्यामुळे तिला कुणी अडवलं नाही.

शर्मिला आपलं टेबल रिकामं करू लागली. पाण्याची बाटली, पेन, बाबासाहेबांचा छोटा फोटो. यशो कीबोर्ड पुसत होती. त्याच्या कडेखाली काहीतरी अडकलेलं होतं. ओढलं तर आपट्याचं पान निघालं, वाळलेलं, मधोमध दुमडलेलं. तिने ते वहीत ठेवलं आणि शुभंकरकडे गेली.

शुभंकर मूळचा नांदेडचा. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“दादा, दसऱ्याला तू इथे होतास?”

“पूजेला होतो. पेढा खाल्ला, निघालो.”

“कुठे?”

“खराडीला.” त्याने मागे वळून सुदर्शन सरांच्या टेबलाकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “मुलाखत होती. हे तुझ्या आईला सांग हवं तर, पण सरांना नको. अन् तुला जे वाटतंय ते मला कळतंय. जाणाऱ्याला काय, कार्ड ढकललं अन् मोकळा. पण दुसऱ्या दिवशी संगणक मीच पुसला ना? प्रत झाली नाही हे ठाऊक असतं तर हात लावला असता का?” त्याने डोळे चोळले. “मुलांचे चेहरे होते त्यात, म्हणून नीट पुसला. पुन्हा पुन्हा. नंतर सामानवाल्याकडून परत आणून तपकीर गल्लीतल्या संगणक दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो, काही निघतंय का बघायला. तो म्हणाला, एवढं स्वच्छ काम कुणी करत नाही हो. शाबासकी दिली मला.”

यशोला त्याच्याकडे बघवेना. ती श्रद्धाच्या टेबलाकडे वळली.

श्रद्धा चित्रं आणि रंगसंगती बघायची. तिने मान वर न करता विचारलं, “पोलीस खात्यात लागलीस का?”

“अजून अर्ज दिला नाही. मावशी, हे पान तुम्ही ठेवलंत का आईच्या टेबलावर?”

श्रद्धाने पान पाहिलं. “सोनं? नाही बाई. तुझ्या आईला मी सोनं हातात देईन, कीबोर्डखाली कशाला? आणि पूजा सकाळची. मी आणि शुभंकर ऊन व्हायच्या आत निघालो. सोनं संध्याकाळी वाटतात, शाळेत शिकवत नाहीत का हल्ली?”

“पूजा कशाची करता?”

“संगणकांची. झेंडूची फुलं, हळदकुंकू, अक्षता. माझा, शुभंकरचा, सरांचा, खिडकीतला जुनासुद्धा.”

“आईचा?”

“तिच्या संगणकाला फूल वाहत नाही मी. पहिल्याच वर्षी म्हणाली, मी करत नाही, माझ्या यंत्राला नको. म्हटलं, बरं, तुमचा संगणक नास्तिक. म्हणाली, नास्तिक नाही, फक्त त्याला सुटी नको असते.” श्रद्धाच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला. “तो बंद पण नसतो कधी. बोर्ड उघडा असतो त्यावर, तिच्या नावाने. पूजेतल्यांना मात्र दुसऱ्या दिवशी मी फुलं उतरवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. शुभंकरने एका वर्षी लावला होता. विचार त्याला.”

“आणि या वर्षी फुलं जागच्या जागी होती?”

“माउसवरच्या अक्षतासुद्धा. मीच उतरवली.” श्रद्धाने आता कुंचल्यासारखं धरलेलं पेन खाली ठेवलं. “तुझ्या आईला मी टोमणे मारते, ते तोंडावर. तिच्या नावाआड नाही. कळलं? त्या दिवशी सगळ्यांचंच लक्ष ठिकाणावर नव्हतं. सर तर आरतीतून उठून फोन घेऊन गॅलरीत. खुणांचं काम देणाऱ्या संस्थेच्या त्या परदेशातल्या बाईंना कुठला आलाय दसरा. आज बोर्ड बघते म्हणाल्या असणार, कारण सर सांगत होते, संध्याकाळी उघडा, सगळं हिरवं दिसेल.”

यशो जिना उतरून खाली गेली.

तुम्हीही इथे जरा थांबा. माझ्या हिशेबाने, यशोकडे जे होतं ते सगळं आता तुमच्याकडेही आहे. फक्त एक प्रश्न विचारायचा राहिला होता, आणि तो तिने ज्ञानदेव शिंप्यांना विचारला.

“काका, दसऱ्याला तुम्ही वर सोनं वाटलंत?”

ज्ञानदेवांनी सुईत दोरा ओवता ओवता मान हलवली. “वाटायला वर होतंय कोण? दिवा दिसला म्हणून गेलो. एकाच माणसाला दिलं.”

५

यशो वर आली तेव्हा शुभंकर आणि श्रद्धा चहाला गेले होते, आणि सुदर्शन सर खिडकीपाशी उभे होते, त्या रिकाम्या टेबलाजवळ. पन्नाशीचा, मृदू बोलणारा माणूस. उन्हाळ्यात त्यांनी यशोला रंगीत खडूंची मोठी पेटी आणून दिली होती.

“सुदर्शनकाका, आमच्याकडे पाहुणे येणार असले की मी सगळा पसारा उचलून खाटेखाली ढकलते,” यशो म्हणाली. “पाहुणे गेले की परत काढते. मागच्या वेळी कंपास खालीच राहिली. गणिताच्या पेपरला ती नव्हती.”

सुदर्शन सरांनी तिच्याकडे वळून बघितलं.

“आईने कार्ड फोनवरून हलवलं असतं तर ते तळाशी गेलं असतं. ते वर आहे. म्हणजे इथून, माउसने. सगळीच कार्डं त्या दिवशी जाऊन परत आलीत. कामचुकार माणूस एक कार्ड ढकलतो, सगळी नेऊन आणत नाही. सगळी तोच नेतो, ज्याला कुणालातरी बोर्ड हिरवा दाखवायचाय.” तिने वळून बाकीच्या टेबलांकडे बघितलं. “आईचं नाव मुद्दाम कुणी वापरलं, असं आम्हाला वाटलं होतं. तसं नाही. बाकीच्या सगळ्या संगणकांवर फुलं होती. श्रद्धामावशींचा नेम कुणी मोडत नाही. तुम्हीसुद्धा नाही. फूल नसलेला एकच संगणक होता.”

तिने वही उघडून पान टेबलावर ठेवलं, बरोबर धुळीच्या चौकोनात.

“हे त्याच्या कीबोर्डखाली होतं. ज्ञानदेवकाकांनी संध्याकाळी एकालाच सोनं दिलं.”

सुदर्शन सर खुर्चीत बसले. शर्मिला दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात पिशवी होती.

“ते सोनं द्यायला आले तेव्हा मी कार्डं परत आणत होतो,” सुदर्शन सर म्हणाले. “उठलो, सोनं घेतलं, गळाभेट झाली. परत बसलो. वाटलं, सगळी आली.” त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “दर वेळी करतो हे. त्या बाई महिन्यातून एकदा बोर्ड बघतात. पिवळं, लाल दिसलं की पत्रावर पत्र. म्हणून थोडा वेळ सगळं हिरवं करायचं आणि मग जिथल्या तिथे. कुणाचं काही बिघडत नव्हतं.”

“तुम्हाला कधी कळलं?” शर्मिलाने विचारलं.

“तुम्हाला बोललो, त्याच रात्री. घरी गेल्यावर.”

“म्हणजे इतके दिवस.”

“हो.”

खालच्या दुकानातलं शिलाईयंत्र चालू झालं, थांबलं, परत चालू झालं.

“संस्थेला मी कळवून बसलो होतो, ताई. एका कर्मचाऱ्याच्या हातून चूक झाली म्हणून. त्यांनी उलट लिहिलं की कर्मचारी बदला, पुढचं काम तुम्हालाच देऊ. आता त्यांना सांगायचं की बोर्डच आम्ही खोटा दाखवत आलो? मग पुढचं काम नाही. हेच एक काम होतं आपल्याकडे. श्रद्धा घरी बसेल. ही खोली जाईल. आणि एवढं करूनही...” त्यांनी पानाखालच्या धुळीकडे बघितलं. “एवढं करूनही वासंतीबाई काही परत येत नाहीत.”

“माझा दाखला?”

“निष्काळजीपणा लिहीत नाही. नुसतं, सोडून गेल्या, असं लिहितो.”

“आणि विचारायला फोन आला तर?”

“संस्थेला लिहिलंय तेच...” सुदर्शन सर म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. ते उत्तर तिघांनाही कळलं.

“चल यशो,” शर्मिला म्हणाली.

६

दोघी घरी आल्या. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं.

“तू उकललंस,” ते यशोला म्हणाले. “चांगलं उकललंस. पण सुटलं काही नाही, पोरी.”

“आई, तू त्या बाईंना का लिहीत नाहीस?”

“काय लिहू? काढून टाकलेली बाई मालकाविरुद्ध पत्र लिहिते, ते कुणी खरं मानतं का?” शर्मिलाने पिशवीतून फोटो काढून फडताळात ठेवला, नीट सरळ केला. “राग येतोय मला. इतका येतोय की हात गार पडलेत. पण माझ्या रागावर शुभंकर आणि श्रद्धाचं बिऱ्हाड कशाला जाळू? आणि ती मुलं? त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू की कुणाची चूक होती, यावर आम्ही भांडतोय?” ती आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने नळाचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला.

यशो उंबऱ्यावर बसली. तिने उजवा हात ओठांपाशी नेला आणि चिमूट उघडली. वरणात मीठ कमी. ही वासंतीबाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलेली. मग दोन्ही तळवे कानशिलांपाशी. वॉर्डनबाई रागावल्यात. ही करताना बाई स्वतःच हसायच्या आणि शुभंकरला परत कॅमेरा चालू करावा लागायचा. मग तिने घरची आठवण येते ती खूण करायला घेतली. डावा हात छातीशी, एवढं नक्की. उजवा हात मात्र हवेत अर्ध्यावर थांबला. तो वर जायचा की बाजूला, हे तिला आठवेना. तिने दोन्ही तऱ्हांनी करून बघितलं. दोन्ही चुकीच्या वाटल्या. विचारायला कुणी नव्हतं.

“आजोबा,” ती म्हणाली, “बोर्डावर अजून ते झालंच आहे.”

“काय?”

“खुणांची प्रत. अजून हिरवी आहे. त्या बाई बघतील तेव्हा त्यांना तसंच दिसेल.”

फोन खाटेवर पडला होता. शर्मिलाचं नाव बोर्डावरून अजून काढलेलं नव्हतं, सोमवारी काढणार होते. आजोबांनी तो उचलला, क्षणभर हातात तोलला आणि नातीच्या मांडीवर ठेवला.

“आईला विचारून ये,” ते म्हणाले.

यशो आत गेली. नळ बंद झाला. आत काय बोलणं झालं ते बाहेर ऐकू आलं नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या मागोमाग शर्मिलाही आली आणि ओले हात पदराला पुसत दाराला टेकून उभी राहिली.

यशोने बोर्ड उघडला. ‘झालं’च्या रांगेत सगळ्यात वर ते कार्ड होतं, हिरवं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि ते ‘करायचंय’मध्ये नेलं. कार्डाचा हिरवा रंग गेला. फोनवरून हलवलेलं कार्ड जिथे जातं तिथेच ते गेलं, सगळ्यात खाली. तळाशी आईचं नाव आपोआप उमटलं. ते तिने वाचलं. मग कार्ड उघडून त्यात एक ओळ लिहिली, कुणावर आरोप न करता, फक्त खरं तेवढं : हे काम झालेलं नाही, आणि हे कार्ड मी हलवलं आहे, यशोधरा.